साडेपाच तास मागे

लष्कर, ग्वाल्हेर
२ डिसेंबर २०२४

चि. निवेदितास आत्याचा आशीर्वाद.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू नुसतं हं-हं करतेस आणि इकडे तुझे आतोबा, अपूर्व, सूनबाई गरिमा सगळे कान लावून बसतात. उत्तरही पत्रानेच दे. पोस्टाला चार-पाच दिवस लागतात, पण तेवढ्यात माणूस जरा विचार करतो.

काल तुझ्या बाबांचा फोन आला होता. यशोधन माझ्याहून सात वर्षांनी धाकटा, तरी फोनवर मलाच दटावतो. त्याचं म्हणणं असं, की कंपनीत तुला एका कागदावर सही करायला सांगितली आहे, तू ती टाळते आहेस, आणि अशाने नोकरी जाईल. तू त्याचं ऐकत नाहीस, माझं ऐकशील, म्हणून मी तुला समजवावं. मी हो म्हणून बसले आहे.

पण काय समजवायचं तेच मला माहीत नाही. तो म्हणाला, सर्व्हरचं काहीतरी आहे, आता सगळं आपोआप होतं, तिला नुसती सही करायची आहे. सगळं आपोआप होतं तर सही कशाला लागते, असं विचारलं तर चिडला. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली. मला कळेल असं लिही. कुणी तुला खोट्या बिलावर सही कर म्हणतं आहे का? तसं असेल तर लपवू नकोस. खोट्या बिलाचं मला सगळं कळतं.

आतोबांच्या पायाची जखम भरत नाही. साखर खाली येत नाही. इथल्या कंपू भागातल्या हॉस्पिटलात भरती करावं लागेल असं डॉक्टर म्हणतात. हे गोड खाणं सोडत नाहीत आणि माझ्याशी बोलणं सोडतात, असं चाललं आहे.

दत्तजयंतीच्या आत उत्तर यावं.

तुझी
शामलाआत्या

पुणे
९ डिसेंबर

ती. आत्या,

नमस्कार. शाळा सुटल्यापासून मी हाताने एवढं लांब लिहिलं नव्हतं. अक्षर चालवून घे.

बिलाचं काही नाही. सांगते. आमची कंपनी हॉस्पिटलांसाठी काम करते. कोणता पेशंट कोणत्या खाटेवर, त्याला कोणतं औषध किती वाजता, हे सगळं एका यंत्रात असतं. ते कधी बंद होत नाही. तो सर्व्हर. पूर्वी प्रत्येक हॉस्पिटलचा सर्व्हर आमचा माणूस दोन दिवस बसून हाताने तयार करायचा. आता मी सूचनांची एक लांब यादी लिहिली आहे, तिला स्क्रिप्ट म्हणतात. कोरं यंत्र द्यायचं, स्क्रिप्ट चालवायची, ती एकेक सूचना वाचून सगळं स्वतः मांडते. वीस मिनिटांत सर्व्हर तयार.

पण तयार झालेला सर्व्हर बरोबर आहे की नाही, हे कुणी बघायचं? त्यासाठी मी एकशे चाळीस टेस्ट लिहिल्या आहेत. औषधांची यादी उघडते का, दुसऱ्याच्या पासवर्डने कुणी आत शिरू शकतं का, असे एकशे चाळीस प्रश्न. बरोबर उत्तर आलं की हिरवा, चुकलं की लाल. आमच्या ऑफिसात एक सर्व्हर आहे, त्यावर सगळ्या टेस्ट हिरव्या येतात.

फेब्रुवारीत अकरा हॉस्पिटलांत नवे सर्व्हर जायचे आहेत. आतोबांचं कंपूतलं त्यात आहे. विक्रमसिंह सर माझे वरिष्ठ. त्यांना माझी सही हवी आहे, की चाचणी पूर्ण झाली. मला वाटतं, ती पूर्ण झालेली नाही. ऑफिसातल्या एकाच सर्व्हरवर घेतलेली टेस्ट पुरेशी नाही. ते म्हणतात, सगळं हिरवं आहे, तुला आणखी काय हवं? मला नीट सांगता येत नाही. आतून वाटतं एवढंच.

बाबांना सांग, मी विचार करते आहे.

तुझी
निवेदिता

लष्कर, ग्वाल्हेर
२० डिसेंबर

चि. निवेदिता,

पत्र हॉस्पिटलात वाचलं. आतोबांना चौदा तारखेला भरती केलं. इथे शालिनीताई म्हणून नर्स आहेत, सांगलीच्या. त्या येतात, कॉम्प्युटरच्या पडद्यावर बघतात, घड्याळ बघत नाहीत, आणि इन्सुलिन टोचून जातात. मी विचारलं, वेळ झाली का? म्हणाल्या, "काकू, पडद्यावर आली म्हणजे झाली." पहिल्याच दिवशी मला कळलं की तू काय काम करतेस.

आता तुझ्या पत्राबद्दल. तू लिहितेस, वीस मिनिटांत नवा सर्व्हर तयार होतो. आणि तू लिहितेस, एकाच सर्व्हरवरची टेस्ट तुला पुरेशी वाटत नाही. मग वीस मिनिटं काढून एक कोरा का करून बघत नाहीस? महिनाभर आतून वाटून घेण्यापेक्षा ते सोपं नाही का? मी पत्र तीनदा वाचलं. याचं उत्तर त्यात नाही, आणि तू विसरणाऱ्यातली नाहीस.

बुधवारी संकष्टी होती. मी हॉस्पिटलात, म्हणून घरी देवाचं सगळं गरिमावर आलं. भिंडची मुलगी, आपल्याकडे येऊन दोनच वर्षं झाली, पण नेमाने करते. धुकं असं होतं की समोरचं घर दिसेना, चंद्र कुठला दिसायला. तिने आपल्या खोलीतलं मराठी कॅलेंडर बघितलं, छापलेल्या वेळेपर्यंत थांबली, मग नैवेद्य दाखवला. अपूर्व भुकेने कावला होता. सकाळी मी आल्यावर विचारलं, इतका उशीर का? म्हणाली, "मम्मीजी, मेरे कैलेंडर में तो यही टाइम लिखा है." बघितलं तर बरोबर तेच लिहिलं होतं. छापलेली वेळ मुंबईची. आपल्याकडे चंद्र जवळजवळ अर्धा तास आधी उगवला होता.

आणि माझ्या देवघरातल्या कॅलेंडरवर बरोबर वेळ आहे, कारण ती मी पेन्सिलीने लिहिते. दर वर्षी बाड्यावरच्या बाजारातून एक हिंदी पंचांग आणते, त्यातून इथली वेळ काढते आणि मराठी कॅलेंडरवर उतरवते. त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला, म्हणून भिंतीवर त्यांचं पंचांग चालत नाही. तेहेतीस वर्षं हे करते आहे आणि घरात कुणाला सांगितलं नाही. मुद्दाम नाही. सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही. आपल्या घरचं कॅलेंडर बरोबर आहे असंच सगळे समजत होते. मीसुद्धा.

म्हणून विचारते. तुमच्या ऑफिसातल्या त्या एका सर्व्हरवर कुणाची पेन्सिल फिरली आहे का?

आत्या

पुणे
२ जानेवारी २०२५

ती. आत्या,

तुझं पत्र आठ दिवस पर्समध्ये घेऊन फिरले.

पेन्सिल माझी आहे.

दोन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी, ऑफिसातल्या सर्व्हरचं घड्याळ चुकलेलं दिसलं. नवं यंत्र येतं तेव्हा ते इंग्लंडच्या वेळेवर असतं. आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. मी हाताने एक ओळ टाइप केली, घड्याळ बरोबर झालं. सुट्टीनंतर ही ओळ स्क्रिप्टमध्ये घालायची असं ठरवलं आणि घातली नाही. ओळ त्या यंत्रावर राहिली. स्क्रिप्टला तिचा पत्ताच नाही. त्यानंतरच्या सगळ्या टेस्ट त्याच सर्व्हरवर झाल्या.

हे मला नोव्हेंबरात आठवलं. सही करायला कागद पुढे आला तेव्हाच. तुला ‘आतून वाटतं’ असं लिहिलं ते खोटं होतं. मला माहीत होतं. कोरा सर्व्हर करून बघितला असता तर ते दिसलं असतं, म्हणून बघितला नाही. सर्व्हरला कुणी हात लावायचा नाही, बदल करायचा तो स्क्रिप्टमध्येच, हा नियम ऑफिसात मीच लावला आहे. मागच्या वर्षी एका मुलाने हाताने काहीतरी नीट केलं तेव्हा मी त्याला सगळ्यांसमोर बोलले होते.

परवा कोरा सर्व्हर केला. वीस मिनिटं. घड्याळ साडेपाच तास मागे. आणि आत्या, एकशे चाळीसच्या एकशे चाळीस टेस्ट हिरव्या. वेळ किती झाली हे एकही टेस्ट विचारत नाही. हा सर्व्हर कंपूत गेला असता तर रात्री आठचं इन्सुलिन पडद्यावर दीड वाजता आलं असतं.

मग मला भीती वाटली, की टेस्ट हिरव्या आहेत त्या सगळं ठीक आहे म्हणून, की त्यांना काही दिसतच नाही म्हणून? त्या सर्व्हरवर मी मुद्दाम बारा ठिकाणी बिघाड केले. टेस्टनी सात पकडले, पाच त्यांच्या डोळ्यांसमोरून गेले. मग दुसरा कोरा सर्व्हर घेतला आणि तीच स्क्रिप्ट त्यावर दोनदा चालवली. दुसऱ्यांदा तिने काहीच बदलायला नको, सगळं जागच्या जागी आहे हे बघून गप्प बसायला हवं. तिने प्रिंटरच्या सगळ्या नोंदी पुसल्या.

विक्रमसिंह सरांना सांगितलं. घड्याळाची ओळ त्यांनी माझ्यासमोर स्क्रिप्टमध्ये घालून घेतली आणि म्हणाले, झालं, आता सही कर. तारीख ३० नोव्हेंबरची घाल, करारात ती आहे. मी तीन आठवडे मागितले. ते म्हणाले, चूक कुणाची होती हे वर कळवावं लागलं तर तुझंच नाव जाईल, माझी तशी इच्छा नाही.

सही केली तर माझी चूक कुणाला कळणार नाही. बाबांनाही बरं वाटेल. काय करू ते सांग. तू मला समजवणार होतीस ना?

निवेदिता

लष्कर, ग्वाल्हेर
७ जानेवारी

निवेदिता,

समजवते. सही करू नकोस.

यशोधनला मी शब्द दिला होता की तुला समजवीन. कोणत्या बाजूने, ते त्याने विचारलं नव्हतं.

तुझ्या साहेबाकडे तुला धरून ठेवायला एकच गोष्ट आहे, ती तुझी ओळ. ती तू आधी सांगून टाक. चारचौघांत सांग, त्या ज्या मुलाला बोलली होतीस त्याच्यासमोर सांग. मग साहेबाच्या हातात काय राहतं? लाज वाटेल. मला वाटली. त्याचं लिहिते.

शुक्रवारी भजनाला आपल्या लीलाताईंकडे गेले होते. दर संकष्टीला त्या, शांताताई, अजून दहा-बारा घरं मला फोन करून वेळ विचारतात. मला चंद्राचं गणित येतं असा त्यांचा समज आहे, आणि तो मी इतकी वर्षं मोडला नाही. ऐकायला बरं वाटायचं. त्या दिवशी सांगितलं, गणित-बिणित काही नाही, हिंदी पंचांगातून उतरवते, कोणत्याही दुकानात मिळतं. लीलाताई टाळ खाली ठेवून म्हणाल्या, "म्हणजे आम्ही तुझ्या तोंडाकडे बघून उपास सोडत होतो, आणि तू नक्कल करत होतीस?" शांताताई हसायला लागल्या, मग सगळ्याच. एकदा तर मी वेळ उतरवताना ओळ चुकले होते, तेही सांगून टाकलं. बारा घरांनी त्या दिवशी माझ्यामुळे चुकीच्या वेळी उपास सोडला होता. कुणीच हसेना मग. प्रसाद घेऊन घरी आले. आता वेळ विचारायला कुणाचा फोन येणार नाही. देवाला तोंड दाखवायला मात्र मोकळी आहे.

आणखी एक. आतोबांना काल सुट्टी मिळाली. निघताना मी शालिनीताईंना सांगून आले, की फेब्रुवारीत नवं यंत्र येईल तेव्हा पडद्यावर विश्वास ठेवू नका, भिंतीवरचं घड्याळ बघा. का, म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माझी भाची तिथेच कामाला आहे, तिने सांगितलं आहे.

आत्या

पुणे
१४ जानेवारी

आत्या,

आज संक्रांत आहे आणि मी गोड बोलणार नाही.

तुझ्या शालिनीताईंनी मेट्रनना सांगितलं, मेट्रननी मॅनेजरना, आणि मॅनेजरनी शुक्रवारी विक्रमसिंह सरांना फोन करून विचारलं की नव्या सर्व्हरचं घड्याळ चुकतं हे खरं का, आणि ग्वाल्हेरच्या काकूंची भाची तुमच्याकडे कोण आहे. घरची पत्रं मी घरासाठी लिहिते. कंपनीतली गोष्ट बाहेर सांगितली म्हणून मला उद्या कोर्टातसुद्धा ओढू शकतात. एकदा तरी विचारायचं होतंस.

सरांनी अख्ख्या विभागाला बोलावलं आणि विचारलं, हे कुणी पसरवलं? मी उभी राहिले. म्हटलं, आत्या माझी आहे. घड्याळाची ओळही माझी आहे, हाताने टाकलेली, दोन वर्षांपूर्वी, आणि त्यासाठी ज्याला बोलले होते त्याची मी माफी मागते. चाचणी पूर्ण नाही आणि माझी सही मिळणार नाही. 

काम माझ्याकडून काढून प्रांजलीला दिलं आहे. ती माझ्या हाताखाली होती, लागून दीड वर्ष झालं, घर तिच्यावर चालतं. सही आता ती करेल. मला घरी बसायला सांगितलं आहे. म्हणजे मी जे केलं त्याने एवढंच झालं, की कागदावर नाव बदललं. सर्व्हर आहे तसेच जाणार.

बाबांना तूच सांग.

नि.

लष्कर, ग्वाल्हेर
२१ जानेवारी

चि. निवेदिता,

तू रागावलीस ते बरोबर आहे. तुला विचारायला हवं होतं. विचारलं असतं आणि तू नको म्हणाली असतीस, तरी मी सांगितलं असतं, हेही लिहून ठेवते. माझा माणूस त्या खाटेवर तीन आठवडे होता. जखम पुन्हा ओली झाली आहे, पुन्हा जावं लागेल. त्याच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, मुरैन्याचे, त्यांच्याजवळ बसायला कुणी नव्हतं. त्यांना इन्सुलिन उशिरा आलं असतं तर विचारणारं कोण होतं? कोर्टातून कुणी आलं तर माझा पत्ता दे.

यशोधनला सांगितलं. तो म्हणाला, "ताई, तुला एक काम सांगितलं होतं." मी म्हटलं, तेच केलं. त्याने फोन ठेवला. दोन दिवस झाले, रुसला आहे. लहानपणीसुद्धा जेवायच्या वेळेपर्यंतच रुसायचा, आता वय झालं म्हणून जास्त टिकतं.

प्रांजलीबद्दल तू आपणच ठरवून टाकलं आहेस की ती सही करेल. तिला विचारलंस का? ते बारा बिघाड, ते दोनदा चालवणं, हे तू कुणाला लिहून दिलं आहेस, की तेही तुझ्या एकटीच्याच डोक्यात आहे? असेल तर तू दुसरी पेन्सिल चालवते आहेस. घरी बसली आहेस, वेळ आहे. लिहून तिला दे. एक शब्द उपदेश करू नकोस. नुसती यादी दे आणि कोरा सर्व्हर कसा घ्यायचा ते सांग. वीस मिनिटांचं काम आहे, तिलाही डोळे आहेत.

गरिमाने तीळ-गूळ पाठवला आहे. गूळ इथला, दाल बाजारातला. रागावूनही खाता येतो.

आत्या

पुणे
१६ फेब्रुवारी

ती. आत्या,

नमस्कार. तीळगूळ खाल्ला. गरिमावहिनीला सांग, दात शाबूत आहेत.

यादी लिहायला चार दिवस लागले. लिहायला बसल्यावर कळलं, निम्मं खरंच माझ्या डोक्यातच होतं. उपदेश केला नाही. प्रांजलीने घेतली, बरं म्हणाली, आणि नऊ दिवस माझा एक फोन उचलला नाही. मी समजले, झाली सही. दहाव्या दिवशी तिनेच फोन करून सगळं सांगितलं.

तिने अकराही हॉस्पिटलांसाठी एकेक कोरा सर्व्हर घेतला होता. कुणालाही न विचारता. प्रत्येकावर स्क्रिप्ट दोनदा चालवली, बाराऐवजी तीस बिघाड केले. चार सर्व्हर पडले. एकात मागच्या पेशंटची औषधं पुढच्याच्या नावावर दिसत होती. हे माझ्या यादीत नव्हतं, तिने शोधलं. चाचणी पूर्ण, असं छापलेल्या कागदावर तिने ‘पूर्ण’ खोडून काय झालं, काय राहिलं ते सगळं खाली लिहिलं, त्या दिवशीची तारीख घातली आणि सही केली. सरांनी दुसरा कोरा छापील कागद दिला. तिने त्यावरही तेच लिहिलं.

मग त्यांनी तिसरा कोरा कागद विभागात फिरवला, कुणीतरी सही करावी म्हणून. मी ज्याला बोलले होते त्या मुलापर्यंत गेला. तो म्हणाला, "सर, मी सर्व्हरला हात लावत नाही. कागदालाही नाही." संध्याकाळी कागद सरांच्या टेबलावर परत आला. सही करायला आता त्यांचाच हात उरला होता. तीन दिवस कागद टेबलावर पडून होता. त्यांनी केली नाही.

सर्व्हर आता मार्चअखेर जातील, एकेक करून, आधी कोऱ्यावर तपासून. कंपूचा शेवटी. ते काम प्रांजलीकडेच आहे. तिला काढायची हिंमत कुणाची नाही, कारण काय उरलं आहे ते तिच्याशिवाय कुणाला माहीत नाही, आणि ती रोज लिहून ठेवते आहे म्हणून लवकरच सगळ्यांना माहीत होईल.

मला मात्र काढलं. बाहेर माहिती दिली, या कारणावरून. कोर्टाचं काही नाही, घाबरवलं तेवढंच. एक महिन्याची नोटीस आहे. बाबा काल येऊन गेले, जेवले. निघताना म्हणाले की तू आणि तुझी आत्या एकाच मातीच्या. त्यांना ते वाईट अर्थाने म्हणायचं होतं.

आज तीन ठिकाणी अर्ज केले. प्रत्येक अर्जात एक रकाना असतो, मागची नोकरी का सोडली. मैत्रीण म्हणाली, वैयक्तिक कारण असं लिही, सगळे तसंच लिहितात. मी तिन्ही ठिकाणी लिहिलं आहे: सही केली नाही.

तुझी
निवेदिता